घोंगडीची बंडी

लातूरला थंडी पडत नाही, असं पुण्या-नाशकाचे लोक म्हणतात. म्हणू द्या. त्यांना इथली डिसेंबरातली पहाट कुणी दाखवलेली नसते. मी सांगतोय त्या वर्षी तर अशी थंडी होती की आमच्या गल्लीत दहा दिवसांनी नळाला पाणी आलं, त्यानं बाहेरची हवा बघितली आणि तसंच पाइपात परत गेलं. डाळ मिलच्या भोंग्याचा आवाज बसला. शेजारणीनं लावलेलं दही दोन दिवस लागेना. तिसऱ्या दिवशी तिनं पातेल्याला नातवाचं स्वेटर घातलं तेव्हा कुठं लागलं. यातलं दह्याचं अक्षर न् अक्षर खरं आहे. बाकीचं तुम्हाला झेपेल तेवढं घ्या.

अशा थंडीत मी पहाटे साडेपाचला पळायला जायचो. वय चौपन्न, धंदा शिलाईचा. तीस वर्षं मशीनवर बसून मी पाय चालवले. पॅडल वर, पॅडल खाली. एवढ्यात माणूस काश्मीरला जाऊन परत आला असता, पण मी उठून बघावं तर आपल्याच दुकानात. मग मशीनला मोटर बसवली आणि पाय रिकामे झाले. रिकामे पाय लई वाईट. आधी दुखायला लागले, मग सुजायला लागले, मग रक्तातली साखर वर गेली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालत होतो, तर एक दिवस मागं कुत्रं लागलं म्हणून पळालो. कुत्रं थांबलं, मी थांबलोच नाही. तीस वर्षं जागच्या जागी साठलेलं अंतर एकदम बाहेर पडायला लागलं. त्या दिवशी घरी आलो ते घामानं निथळत आणि हसत. बायकोला वाटलं, नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

तेव्हापासून पळणं म्हणजे माझं सगळं काही झालं. साखर खाली आली, झोप लागायला लागली, गिऱ्हाइकांवर ओरडणं कमी झालं. नांदेड रोडला पळणारी सात-आठ जणांची आमची टोळी होती. तिचे म्होरके एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे सर. चाळिशीचे, काटकुळे, अंगात कायम झगमगीत जर्सी. हा माणूस शिंकला तरी शिंकेचा वेग सांगायचा. मला सगळे ‘मास्तर’ म्हणायचे, टेलरला म्हणतात तसं, आणि खरे मास्तर असलेले सरही मला मास्तरच म्हणायचे.

आणि मग त्या थंडीच्या दोन हिवाळे आधी ते झालं. घामानं भिजलेला पातळ टी-शर्ट अंगात, चहाच्या टपरीवर तासभर उभा राहून मी थापा मारत होतो. वारा लागला. तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. सात दिवस दवाखान्यात, नाकात नळी. इथं मी काही वाढवून सांगत नाही, कारण त्यातलं मला काही आठवतच नाही. आठवतं ते बायकोला. ती सात दिवस स्टुलावर बसून माझा श्वास मोजत होती. घरी आल्यावरही महिनाभर पहाटे जागी होऊन माझ्या पाठीला कान लावायची. मी झोपेचं सोंग घ्यायचो.

पुढचा हिवाळा तिनं मला घरातच ठेवला. चार महिने मी पायात बूट घालून मशीनवर बसलो. त्याच्या पुढच्या हिवाळ्याआधी, दिवाळी सरल्यावर, मी विषय काढला. डॉक्टरांची परवानगी आहे, म्हणालो.

“डॉक्टर तुमच्या उशाला बसला व्हता का?” ती म्हणाली.

मी कोपऱ्यातल्या बुटांकडं बघितलं.

“जावा पळायला. पण सांगून ठेवते. या हिवाळ्यात तुमचा एक खोकला ऐकला, एकच, की ते बूट भंगारवाल्याच्या गाड्यावर. पुन्हा नाव काढायचं न्हाई पळायचं. हिवाळ्यात न्हाई, उन्हाळ्यात न्हाई. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आणि नेमकं त्याच वर्षी जानेवारीत नांदेडला एकवीस किलोमीटरची शर्यत होती, तिच्यात मी नाव घालून बसलो होतो.

आता प्रश्न होता कपड्याचा. टी-शर्टानं मला मारलंच होतं. जाकिटात पळालं की घाम आत कोंडतो. सर म्हणाले, “मास्तर, लोकर घाला. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. फिजिक्स आहे.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं फिजिक्स मला पटलं.

पण लोकर आणायची कुठून? हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटरांचे तंबू लागतात, तिथं गेलो. विक्रेता म्हणाला, शंभर टक्के लोकर. मी टेलर माणूस. एक धागा उपसला आणि काडी लावली. खरी लोकर जळते केसांसारखी, तिची राख होते. हा धागा वितळला आणि त्याचा काळा मणी झाला.

“ही लोकर न्हाई,” मी म्हणालो, “ही बादली हाय.”

त्यानं मला कोपऱ्यापर्यंत पळवलं. तेवढाच सराव झाला.

मग मला नादच लागला. दिसेल त्या स्वेटरचा धागा ओढायचा आणि काडी लावायची. मित्रांचे मफलर, शेजाऱ्यांच्या कानटोप्या, सगळ्यांचे मणी. आमच्या गावात ‘लोकर’ म्हणून जे काही विणलं जातं ते सगळं प्लास्टिकच्या कुळातलं निघालं. आणि तिथंच न थांबता मी आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बायकोनं स्वतःच्या हातानं विणलेल्या स्वेटरचा धागा जाळून बघितला. त्याचाही मणी झाला. ती बघत उभी होती. पुढचे तीन दिवस आमच्या घरात जी थंडी पडली, तिच्यापुढं बाहेरची थंडी म्हणजे उन्हाळा.

चौथ्या दिवशी माळेगावची यात्रा आली म्हणून सुटलो. लोहा तालुक्यातल्या त्या यात्रेला आम्ही दरवर्षी जातो. खंडोबाचं दर्शन घ्यायचं, घोडे बघायचे, धुरळा खायचा आणि परत यायचं. घोड्यांच्या बाजाराच्या कडेला एक म्हातारी घोंगड्यांची चवड लावून बसली होती. काळ्याभोर घोंगड्या, मेंढीच्या अस्सल लोकरीच्या, हातमागावर विणलेल्या. मी खिशातून काडेपेटी काढली.

“घ्यायला आलाव का जाळायला?” म्हातारी म्हणाली.

“एकच धागा, मावशी.”

तिनं स्वतःच तोडून दिला. मी काडी लावली. जळक्या केसांचा असा वास सुटला की शेजारच्या घोड्याचा भाव पंचवीस हजारांनी उतरला. राख! चिमटीत चुरली तशी भुकटी झाली. मला त्या राखेचा टिळा लावावासा वाटला.

“कुणाला पायजे? म्हाताऱ्याला का बाळंतिणीला?”

“मलाच. पळायला.”

“पळायला?” तिनं मला खालून वर बघितलं. “कुणाच्या भेवानं?”

मी मागं उभ्या असलेल्या बायकोकडं बोट दाखवलं. म्हातारी इतकी हसली की तिनं किमतीत घासाघीसच केली नाही. घडी घालून देताना तेवढं म्हणाली, “नवी हाय. खळ हाय तिला. एकबार पाण्यातून काढा.”

मी मान हलवली आणि विसरलो. विसरलो म्हणजे काय, मनावरच घेतलं नाही. सुती कापड मी पाण्यातून काढल्याशिवाय कधी कात्रीखाली घेत नाही. पण घोंगडीला आमच्याकडं पाणी लावत नाहीत. आजोबांची घोंगडी चाळीस वर्षं घरात होती. उन्हात टाकायची, काठीनं झोडपायची, झालं. लोकरीला विटाळ नसतो म्हणतात. ती मुळातच शुद्ध, मग धुवायची कशाला? बायकोही म्हणाली, “म्हातारीला काय कळतंय? घोंगडी कुठं धुत्यात का?” त्या तीन दिवसांनंतर आमचं हे पहिलं एकमत होतं, ते मोडायची माझी छाती झाली नाही.

बंडी शिवायला दोन दिवस लागले. तीन सुया मोडल्या, मशीननं एकदा मला शिवी दिली. कोपरापर्यंत बाही, छातीवर दुहेरी पदर, गळ्याला जुन्या मांजरपाटाची पट्टी. आत घालायला एक बिनबाह्यांचा बनियन. शिवून झाली तेव्हा मी बंडी टेबलावर ठेवली, तर ती पडली नाही. उभी राहिली. आत माणूस नसताना उभी राहिली आणि माझ्याकडं बघू लागली. मला अभिमान वाटला. वाटायला नको होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीपुढं हजर झालो. धुकं एवढं होतं की आधी फक्त हसणंच ऐकू आलं.

“मास्तर, घोडा कुठं बांधला?”

“अहो, पोतं घातलंय. आत तूर हाय का हरभरा?”

सर म्हणाले, “मास्तर, मी लोकर म्हणालो होतो. मेंढी नव्हतो म्हणालो.”

मी सरळ पळायला लागलो. आणि काय सांगू! पहिल्या किलोमीटरला टोचलं, दुसऱ्याला खाजवलं, तिसऱ्याला जी ऊब आली, ती मी कुठल्या चुलीपुढंही बघितली नव्हती. गळ्यातून वाफ निघायला लागली. माझ्या वाफेनं पुढचं धुकं फाटत होतं आणि मागून येणाऱ्यांना रस्ता दिसत होता. एका शेताकडेला बसलेला मेंढरांचा कळप मला बघून उठला आणि फर्लांगभर माझ्यामागं चालत आला. धनगराला हाका मारून मारून त्यांना वळवावं लागलं. टोळीतला दुसरा कुणी हे सांगणार नाही. जळतात.

आठ किलोमीटरवर चहाची टपरी. तिथं सगळे थांबले आणि लटपटायला लागले. झगमगीत जर्स्या अंगाला चिकटलेल्या, हात काखेत, दात वाजतायत. मी मात्र उभा, ताठ, ऊबदार. माझं बोलणं सुरू झालं. सूर्य नुकताच वर आला होता, त्याच्याकडं तोंड करून मी यात्रेतला मेंढा केवढा होता ते दोन्ही हात पसरून दाखवत होतो. मेंढा मोठा होता, आणि सांगता सांगता आणखी वाढत होता. पंधरा मिनिटं तरी मी हात पसरलेलेच ठेवले असतील.

“मास्तर, चहा घ्या,” टपरीवाला म्हणाला.

मी हात खाली घ्यायला गेलो. हात येईनात.

आधी वाटलं, चमक भरली. मग कळलं की बंडी हलत नाहीये. काखेत, खांद्यावर, कोपराजवळ लाकूड झालं होतं. नव्या घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावलेली असते, विणताना धागा तुटू नये म्हणून. घामानं आणि दवानं ती खळ विरघळली होती, अंगाशी चिकटली होती आणि आता उन्हात वाळून तिचा डिंक झाला होता. म्हातारीचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं.

सरांनी बोटानं माझ्या बाहीवर टकटक केलं. टक् टक् असा आवाज आला.

“चिंचोके,” ते म्हणाले. “उत्कृष्ट चिकटद्रव्य. मास्तर, आता तुम्ही घन अवस्थेत आहात.”

टपरीवाल्यानं मला बशीनं चहा पाजला. ऑटोत बसता येईना, हात दारात अडकत होते. शेवटी भाजीच्या टेम्पोत मागं मला उभा केला आणि दोन्ही हात पसरलेल्या अवस्थेत मी लातूर शहरात प्रवेश केला. लोकांना वाटलं, प्रचाराला निघालेला उमेदवार आहे. काहींनी हात हलवले, एकानं नळाच्या पाण्याची तक्रार सांगितली. मी बघतो म्हणालो.

दारात बायको उभी होती.

“काय करायलाव हे?”

“आत घे. आधी आत घे.”

एका अंगानं, आधी एक हात घालून, मी दारातून आत शिरलो. न्हाणीपुढच्या अंगणात तिनं मला स्टुलावर बसवलं, काखेत बोट घालून बघितलं आणि सरळ गॅसवर पाणी ठेवायला निघाली.

“गरम पाणी नको!” मी ओरडलो. “गरम पाण्यानं लोकर आटते!”

“आटू द्या.”

“अगं, आत मी हाय!”

ती थांबली. तिला पटलं. बादलीतलं थंड पाणी तिनं मगात घेतलं आणि माझ्या डोक्यावर धरलं. धरलं आणि तसंच धरून राहिली. मी वर बघितलं, तर ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती त्या दवाखान्यातल्या स्टुलावर परत जाऊन बसली होती.

शेवटी तिनं तो मग खाली ठेवला. दुकानात जाऊन माझी मोठी कात्री घेऊन आली.

“कापून काढते.”

“कापू नको.”

“थंड पाणी वतू तुमच्या छातीवर? डिसेंबरात? बंडी गेली तर गेली.”

“दहा दिवसांनी नांदेड हाय. दुसरी शिवायला घोंगडी न्हाई आणि यात्रा उठली.”

“आणि खोकला आला म्हंजे?”

हात पसरून बसलेल्या माणसाला ऐट आणता येत नाही. मी साधंच बोललो. “आला तर बूट तू टाकायचे न्हाईत. मीच भंगारवाल्याला हाक मारीन. पण मला हे करून बघू दे. पळालो न्हाई तर मी परत तसाच होतो, मशीनवर बसून सुजलेला. तो माणूसबी तूच बघितलाय.”

तिनं कनवटीला पैसे खोचावेत तशी कात्री कमरेला खोचली आणि पाण्याचा मग उचलला. पहिला मग पडला तेव्हा माझा जीव टाळूला जाऊन परत आला. दुसरा, तिसरा. दहा दिवसांनी येणारं पाणी ती ओतत होती आणि खळ पिठल्यासारखी ओघळत होती. विसाव्या मगाला डावा हात खाली आला. तिसाव्याला उजवा. हात खाली आल्याबरोबर मी आधी खाजवलं.

“काढा आता ती.”

“न्हाई. बसू दे अशीच. बघू दे तुलाबी.”

आणि मी त्या ओल्या, निथळत्या बंडीत अंगणातल्या उन्हात बसलो. ती समोर मेथी निवडत बसली. काय निवडत होती कुणास ठाऊक, काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात. कान माझ्याकडं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मला गार लागेना. अंगावर दोन बादल्या पाणी आणि आत ऊब! लोकर भिजली होती आणि तरी तिनं मला सोडलं नव्हतं. हळूहळू बंडीतून वाफ निघायला लागली, तशी बायको उठली, तिनं बंडीवर तळहात ठेवला, उलटा करून परत ठेवला.

“गरम लागायलंय की वो,” ती म्हणाली. हे तिनं मला सांगितलं नाही, मेथीला सांगितलं.

त्या रात्री खोकला आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी मला फोडणीच्या मिरचीनं ठसका लागायला आला होता, तो मी गिळला. ठसका गिळणं म्हणजे काय ते त्यालाच कळतं ज्यानं गिळलाय; डोळ्यांतून पाणी आलं, कानांतून आवाज आला, पण तोंडातून काही नाही. बंडी मात्र धुतल्यावर अशी मऊ पडली की जणू मेंढीनं स्वतः येऊन अंगाला अंग लावलं.

नांदेडला आम्ही आदल्या दिवशीच गेलो. बायकोचं माहेर तिथलं. ती येणार नव्हती, पण ऐन वेळी पिशवी घेऊन एसटीत चढली. “ऐकायला कुणीतरी पायजे,” म्हणाली.

पहाटे उठून बघतो तर गोदावरीवर धुकं, आणि धुक्यातून बारीक पाऊस. अवकाळी. मैदानावर हजारभर माणसं कुडकुडत उभी. सगळी झगमगीत, पातळ, रंगीबेरंगी. मधे मी, काळा, केसाळ. लोक माझ्यासोबत फोटो काढत होते. सर आले, नवी जर्सी घालून, तिच्यावर विजेच्या रेघा.

“मास्तर, पाऊस आहे. चिंचोके?”

“धुतलेत.”

“तरी सांगतो, हात पसरून पळू नका.”

सुटलो. पाच किलोमीटरपर्यंत सगळे माझ्या पुढं होते. मी त्यांना जाऊ दिलं. मग पाऊस वाढला, वारा सुटला, आणि एकेक जण थंड पडायला लागला. कुणी पुलाखाली थांबला, कुणी ऑटोला हात केला. मी चाललो होतो आपला फुसफुस करत, चालत्या चुलीसारखा. बाहेरून भिजलेलो, आतून कोरडा नाही, पण गरम. छाती कशी घुमत होती! नुसता वारा आत-बाहेर, कुठं खरखर नाही. मी दर किलोमीटरला तेवढंच तपासत होतो. लोक घड्याळ बघत होते, मी माझी छाती ऐकत होतो.

बाराव्या किलोमीटरला रस्त्याकडेला एक पांढऱ्या दाढीचे सरदारजी मोठ्या पातेल्यातून सगळ्यांना चहा देत होते.

“ओ कंबलवाले बाबा, चाय पीके जाओ!”

मी थांबलो, तर पातेल्यामागं सर. बसलेले. ओठ निळे, दात असे वाजत होते की विजेच्या रेघा हलत होत्या.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही जा. मी इथंच संपलो.”

“फिजिक्स काय म्हणतंय?”

“फिजिक्स म्हणतंय ऑटो करा.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले. बर्फ. ते तसेच माझ्या बंडीत, पोटापाशी घातले. सर किंचाळले, मी किंचाळलो, सरदारजींनी आणखी दोन कप भरले. पाच मिनिटांनी त्यांची बोटं बोटांसारखी झाली.

“किती गरम आहे हो हे,” ते म्हणाले. त्यांनी कारण सांगितलं नाही. त्यांना ओळखतो त्या दिवसापासून हे पहिल्यांदाच.

तिथून पुढं आम्ही दोघं मिळून पळालो. दर दोन किलोमीटरला ते एक हात माझ्या बंडीच्या काखेत घालायचे, मग हात बदलायचा म्हणून बाजू बदलायची. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांनी बघावं. यात माझा वेळ गेला, नाहीतर मी पहिला आलो असतो. पहिला आलेला पोरगा माझ्यापुढं फक्त दीड तास होता.

शेवटचं वळण आलं. दोरीपलीकडं छत्री घेऊन बायको उभी दिसली. ती माझ्या पायांकडं बघत नव्हती, पदकांच्या टेबलाकडं नाही, वेळेच्या पाटीकडं नाही. ती फक्त माझ्या तोंडाकडं बघत होती. मी रेघ ओलांडली तेव्हा हात वर केले आणि ते सहज खाली आले. कोण कुठला माणूस माझ्या गळ्यात पदक घालून गेला, दुसऱ्यानं हातात गरम शिऱ्याचा द्रोण दिला.

मी विजयी होतो. एकवीस किलोमीटर, पाऊस, वारा, वय चौपन्न, आणि छाती नव्या नगाऱ्यासारखी. शिऱ्याचा मोठा घास तोंडात कोंबला आणि त्याच क्षणी मला राहवलं नाही. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं मी ओरडायला गेलो, “बघितलं का, एक पण खोक—”

आणि खोकलो.

साधा नाही. शिरा उडाला, सरांच्या जर्सीवर बसला, डोळे पांढरे झाले. एक, दोन, तीन, चार. थांबेचना. बायकोची अट मी सरांना सांगितलेली होती. त्यांनी माझ्या पायातल्या बुटांकडं बघितलं आणि मान खाली घातली. खोकला थांबला तेव्हा मीही खाली बघत होतो. एकच म्हणाली होती ती, आणि मी चार दिले होते.

बायको दोरीखालून वाकून आली. छत्री सरांच्या हातात दिली. माझ्या मागं जाऊन तिनं, त्या हजार माणसांच्या मैदानात, त्या ओल्या केसाळ बंडीवर कान टेकवला.

“श्वास घ्या.”

घेतला.

“सोडा. अजून एक.”

मी श्वास घेत होतो आणि सोडत होतो. पाऊस पडत होता. ऐकायला जितका वेळ लागतो त्याच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ तिचा कान तिथं होता. ऐकायचं होतं ते ऐकून झालं असणार, तरी ती सरकली नाही. बंडीच्या आरपार तिच्या गालाची ऊब मला लागली, की माझी तिला, हे फिजिक्सवाल्यालाही सांगता आलं नसतं.

मग ती सरळ झाली. गालावर लोकरीची ठिपक्याठिपक्याची खूण.

“शिरा हाय,” ती म्हणाली.

“काय?”

“छातीत काही न्हाई. घशात शिरा हाय. त्यो खोकला धरत न्हाईत.” आणि मग जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “घास तोंडात असताना बोलायचं कशाला म्हणते मी? पळायला येतंय, गिळायला न्हाई येत!”

सरांनी छत्री मिटली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कशाला वाजवायच्या ते न कळता बाकीचेही वाजवायला लागले. माझ्यासाठी एवढ्या टाळ्या आजवर पडल्या नव्हत्या. पहिल्या आलेल्या पोरालाही पडल्या नव्हत्या, तो चिडून आमच्याकडं बघत होता.

परतीच्या एसटीत बंडी माझ्याच अंगात होती, वाळत चाललेली, मऊ. बायको खिडकीशी बसली होती. चाकूर मागं गेलं तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, “उद्या किती वाजता उठवू?”

खरं सांगतो, माझ्या पायांत तेव्हा एवढे गोळे आले होते की उद्या काय, आठवडाभर मला कुणी उठवायला नको होतं.

“साडेपाच,” मी म्हणालो.